दारे चाचपणारे हात आणि सर्व्हरची तटबंदी

नांदेड – येथील शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटी रुपयांहून अधिक पैसे जानेवारी २०२१ मध्ये हॅकरांनी ऑनलाइन मार्गाने परस्पर इतर खात्यांत वळवले. त्यापूर्वी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ९४ कोटी ४२ लाख रुपये अशाच प्रकारे गेले होते. दोन्ही वेळा तिजोरीचे कुलूप शाबूत होते आणि रखवालदार जागेवर होता. चोरी झाली ती संगणकाच्या जाळ्यातून. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील नागरी बँका, पतसंस्था, महाविद्यालये, रुग्णालये, शिकवणी वर्ग आणि आडत दुकाने यांचा कारभार आता लहान-मोठ्या सर्व्हरवर चालतो. त्यामुळे या सर्व्हरच्या दारांशी रोज कोण येऊन जाते, हा प्रश्न केवळ संगणक विभागाचा राहिलेला नाही. ठेवीदार, विद्यार्थी आणि रुग्ण या सर्वांचा त्याच्याशी संबंध आहे.

फायरवॉल बसवलेल्या कोणत्याही सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडून पाहिल्यास अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या आणि फायरवॉलने नाकारलेल्या विनंत्यांची लांबलचक रांग दिसते. यालाच पोर्ट स्कॅन म्हणतात. ही रांग प्रथमच पाहणारा प्रशासक बहुधा घाबरून जातो. काही महिने पाहिल्यानंतर तोच प्रशासक तिच्याकडे पूर्ण दुर्लक्ष करू लागतो. या दोन्ही प्रतिक्रिया चुकीच्या आहेत. बाहेरून होणारा स्कॅन हा पावसासारखा असतो. तो थांबवता येत नाही, मात्र छप्पर कोठे गळते आहे हे पाहता येते. भिंतीच्या आतून होणारा स्कॅन मात्र निराळा. चोर घरात शिरल्याची ती खूण असू शकते. या दोहोंतील फरक ओळखणे हाच सर्व्हरच्या संरक्षणाचा पाया होय.

पोर्ट म्हणजे काय?

पोर्ट म्हटले की बंदर आठवते. संगणकाच्या परिभाषेत मात्र पोर्ट म्हणजे क्रमांक दिलेले दार. आयपी पत्ता ही इमारत मानली, तर पोर्ट हे तिच्या खोल्यांचे क्रमांक ठरतात. टीसीपी आणि यूडीपी या दोन पद्धतींच्या वाहतुकीसाठी प्रत्येकी ० ते ६५,५३५ असे क्रमांक उपलब्ध असतात. संकेतस्थळ दाखवणारी सेवा ८० किंवा ४४३ क्रमांकावर, दुरून सर्व्हर चालवण्याची एसएसएच सेवा २२ वर, तर विंडोजचा रिमोट डेस्कटॉप ३३८९ वर थांबलेला असतो. फाइल वाटून घेण्याची विंडोजची सेवा ४४५ वर असते. डेटाबेसपैकी मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर १४३३ वर आणि मायएसक्यूएल ३३०६ वर ऐकत बसलेला असतो.

दार आहे म्हणून त्यामागे कोणी असतेच असे नाही. एखादा प्रोग्रॅम त्या क्रमांकावर ऐकत असेल तरच ते दार उघडे मानले जाते. यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. ज्या दारामागे कोणतीही सेवा चालू नाही, त्या दारातून कोणालाही आत येता येत नाही. म्हणूनच अनावश्यक सेवा बंद करणे हा फायरवॉलच्याही आधीचा उपाय ठरतो.

टेहळणीची रीत

टीसीपी पद्धतीत संभाषण सुरू होण्यापूर्वी तीन टप्प्यांचे हस्तांदोलन होते. पाहुणा ‘बोलू का?’ असा संदेश पाठवतो, सर्व्हर ‘बोला’ म्हणतो आणि पाहुणा त्यास पोच देतो. स्कॅन करणारा पहिला संदेश पाठवून उत्तराची वाट पाहतो. ‘बोला’ असे उत्तर आले तर दार उघडे, ‘येथे कोणी नाही’ असा नकार आला तर दार बंद, आणि काहीच उत्तर आले नाही तर मध्ये फायरवॉल आहे, असा निष्कर्ष तो काढतो. हुशार टेहळ्या तिसरा टप्पा पूर्ण करीतच नाही. उत्तर मिळताच तो निघून जातो. त्यामुळे संबंधित सेवेच्या नोंदवहीत या भेटीचा मागमूस बहुधा राहत नाही. तो फायरवॉलच्याच नोंदीत सापडतो.

या कामासाठी सर्वाधिक वापरले जाणारे ‘एनमॅप’ हे साधन गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ते हल्लेखोर वापरतात, तसेच सर्व्हरचे रक्षकही वापरतात. उघडे दार सापडल्यावर त्यामागील सॉफ्टवेअर कोणते, त्याची आवृत्ती कोणती हेही अशा साधनांना बऱ्याचदा ओळखता येते. पुढचे काम सोपे असते. त्या आवृत्तीत कोणती ज्ञात त्रुटी आहे, हे यादीत पाहायचे आणि तिचा फायदा घ्यायचा.

दार वाजवणारे कोण?

‘आमच्या गावातल्या लहानशा पतसंस्थेत कोणाला रस असणार?’ असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो फोल आहे. बहुतेक स्कॅन माणसाने निवडून केलेले नसतात. यंत्र क्रमाने किंवा यादृच्छिक पद्धतीने पत्ते चाळत जाते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘झेडमॅप’ हे साधन मांडले. एका वेगवान जोडणीवरून आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील सर्व सार्वजनिक पत्त्यांवर एका क्रमांकाचे दार वाजवून पाहण्यास त्याला ४५ मिनिटांहून कमी वेळ पुरला. या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते असतात. त्यात मुंबईतील मोठी बँक आहे तशी औराद शहाजानीचे एखादे दुकानही आहे. यंत्राला दोहोंतील फरक कळत नाही.

दारे चाळणाऱ्यांत संशोधक असतात, इंटरनेटवरील यंत्रांची सूची बनवणारी ‘शोडान’सारखी २००९ पासूनची शोधयंत्रे असतात आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी लागण झालेल्या संगणकावरून आपोआप पसरणारे कृमीही असतात. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ हा कृमी एसक्यूएल सर्व्हरच्या यूडीपी १४३४ या पोर्टवरून पसरला. लागण होऊ शकणाऱ्या यंत्रांपैकी बहुतेक यंत्रे त्याने दहा मिनिटांत गाठली. त्याला रोखणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच दिली होती. १२ मे २०१७ रोजी जगभर हाहाकार उडवणाऱ्या ‘वॉनाक्राय’ने ४४५ क्रमांकाचे दार शोधले. त्यावरील दुरुस्तीही १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झालेली होती. २०१६ मध्ये ‘मिराई’ने तर कॅमेरे आणि राउटर यांची टेलनेटची दारे शोधून, कारखान्यातून आलेला मूळ पासवर्ड वापरूनच ती उघडली. दुकानातील सीसीटीव्हीचा पासवर्ड कधीच न बदलणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

या तिन्ही घटनांत एक समान धागा आहे. नुकसान झाले ते दार वाजल्यामुळे नव्हे. दार विनाकारण उघडे होते, कुलूप जुने होते किंवा किल्ली सर्वांना ठाऊक होती, यामुळे ते झाले.

रोजचा आवाज आणि धोक्याची घंटा

नोंदवहीतील प्रत्येक ओळीमागे धावणे अशक्य आहे. पुढील चार प्रसंगी मात्र थांबून पाहणे आवश्यक ठरते.

एक, एकाच पत्त्यावरून किंवा एकमेकांशी संबंधित पत्त्यांवरून केवळ आपल्याच संस्थेच्या सर्व यंत्रांची पद्धतशीर चाचपणी होत असेल. सर्वसाधारण स्कॅन एखाद-दुसरे दार वाजवून पुढे जातो. लक्ष्य ठरवलेला मनुष्य एकाच इमारतीभोवती फिरत राहतो. तो घाई करीत नाही. दर काही मिनिटांनी एक दार अशा संथ गतीने तो दिवसचे दिवस काम करतो.

दोन, चाचपणीनंतर त्याच पत्त्यावरून एखाद्या उघड्या सेवेवर लॉगिनचे प्रयत्न सुरू झाले असतील. शेकडो अयशस्वी प्रयत्नांनंतर एक यशस्वी प्रयत्न नोंदला गेला असेल, तर तो स्कॅनचा विषय न राहता घुसखोरीचा विषय होतो.

तीन, बाहेरून फायरवॉलने अडवायला हव्या होत्या अशा विनंत्या आतील सर्व्हरच्या नोंदवहीत दिसत असतील. याचा अर्थ भिंतीला भोक आहे.

चार, आणि सर्वांत गंभीर, स्कॅनचा उगम संस्थेच्याच एखाद्या संगणकात असेल. लेखापालाच्या टेबलावरील संगणक अचानक शेजारच्या पन्नास संगणकांची ४४५ क्रमांकाची दारे वाजवू लागला, तर त्याला लागण झाली आहे असे गृहीत धरून तो तत्काळ जाळ्यातून वेगळा करावा.

स्कॅन दिसल्यावर पहिली पावले

बाहेरील स्कॅन नजरेस पडल्यावर पहिला प्रश्न ‘हा कोण आहे?’ हा नसावा. ‘याला काय सापडले असेल?’ हा असावा. त्याचे उत्तर मिळवण्यासाठी आपल्याच सर्व्हरचा स्कॅन बाहेरून करून पाहावा. कार्यालयाच्या आतून केलेली तपासणी फसवी असते, कारण ती फायरवॉलच्या अलीकडून होते. घरच्या किंवा मोबाइलच्या जोडणीवरून तपासल्यास हल्लेखोराला दिसते ते दृश्य दिसते. अशी तपासणी फक्त स्वतःच्या यंत्रांची आणि संस्थेच्या लेखी परवानगीनेच करावी.

मिळालेली यादी सर्व्हरवर प्रत्यक्ष ऐकत असलेल्या सेवांशी ताडून पाहावी. लिनक्सवर ‘एसएस’ आणि विंडोजवर ‘नेटस्टॅट’ ही आज्ञा ही माहिती देते. प्रत्येक उघड्या दारापुढे तीन प्रश्न ठेवावेत. हे दार कोणासाठी उघडे आहे? ते साऱ्या जगासाठी उघडे असण्याची गरज आहे काय? त्यामागील सॉफ्टवेअर अखेरचे कधी अद्ययावत केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता आले नाही, तर ती सेवा बंद करण्यास योग्य समजावी.

डेटाबेस आणि संकेतस्थळ एकाच यंत्रावर असतील, तर डेटाबेसने केवळ त्या यंत्राच्या अंतर्गत पत्त्यावर, म्हणजे १२७.०.०.१ वर ऐकावे. त्याचे दार बाहेर दिसण्याचे काहीच कारण नसते. रिमोट डेस्कटॉपचे दार इंटरनेटवर थेट उघडे ठेवणे तर सर्वथा टाळावे. हिशेबाचे सॉफ्टवेअर घरून पाहता यावे म्हणून लहान व्यापारी बऱ्याचदा ही सोय करून घेतात. खंडणीखोर सॉफ्टवेअर पसरवणाऱ्या टोळ्यांचा तो एक आवडता मार्ग आहे. ही सोय हवीच असेल तर ती व्हीपीएनच्या आतूनच असावी.

काय करू नये

प्रतिहल्ला करू नये. नोंदीत दिसणारा पत्ता बहुधा खऱ्या हल्लेखोराचा नसतोच. तो एखाद्या शाळेच्या लागण झालेल्या संगणकाचा असू शकतो. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ४३ आणि ६६ नुसार दुसऱ्याच्या संगणकात परवानगीविना, अप्रामाणिक हेतूने शिरणे हा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. ‘त्याने आधी सुरुवात केली’ हा बचाव त्यात नाही.

दिसेल तो पत्ता कायमचा बंद करीत सुटू नये. भारतातील मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता असंख्य ग्राहकांत वाटतात. एक पत्ता अडवल्याने फी भरू पाहणारे कित्येक निरपराध विद्यार्थी अडकू शकतात. हल्लेखोर मात्र दुसऱ्या पत्त्यावरून परत येतो.

पहिल्या संदेशावरून आपोआप बंदी घालणारी व्यवस्था जपून वापरावी. हस्तांदोलनाच्या पहिल्या संदेशात पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहिता येतो. हल्लेखोराने संस्थेच्या शाखेचा किंवा डीएनएस सर्व्हरचा पत्ता घालून असे संदेश पाठवले, तर फायरवॉल स्वतःच्याच माणसांना बाहेर काढेल. याउलट पूर्ण जोडणी झाल्यावर चुकीचा पासवर्ड वारंवार देणाऱ्यास काही काळ अडवणे सुरक्षित असते, कारण तेथे खोटा पत्ता वापरणे फार अवघड असते. ‘फेलटूबॅन’ हे मोफत साधन याच तत्त्वावर काम करते.

एसएसएचचा क्रमांक २२ वरून बदलून दुसरा ठेवल्याने नोंदवहीतील गोंगाट कमी होतो, हे खरे. त्यास संरक्षण समजण्याची चूक मात्र करू नये. दाराची जागा बदलल्याने कुलूप मजबूत होत नाही. पासवर्डऐवजी किल्ली-जोडीने प्रवेश देणे आणि मुख्य प्रशासकाचा थेट प्रवेश बंद ठेवणे हे खरे उपाय होत.

कंधार, औसा आणि उदगीरचा धडा

या दोन जिल्ह्यांना तटबंदीचे शास्त्र नवे नाही. नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि लातूर जिल्ह्यातील औसा व उदगीर हे भुईकोट किल्ले आहेत. डोंगराचा आधार नसल्याने त्यांच्या रचनाकारांनी एका भिंतीवर विसंबणे टाळले. आधी खंदक, मग तट, त्यामागे आणखी आडोसा अशी रचना त्यांनी केली. सपाट भूमीवर उभ्या असलेल्या सर्व्हरलाही हेच तत्त्व लागू पडते.

फायरवॉलचा पहिला नियम ‘सर्व नाकारा’ हा असावा. त्यानंतर आवश्यक तेवढीच दारे नावानिशी उघडावीत. ‘सर्व चालू, धोकादायक तेवढे बंद’ ही उलटी रीत फसवी असते, कारण उद्या कोणते दार धोकादायक ठरेल याची यादी आज कोणाकडेही नसते. नाकारलेल्या विनंतीला नकार कळवावा की तिच्याकडे मौन धरून दुर्लक्ष करावे, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मौन धरल्यास टेहळ्याला उत्तराची वाट पाहत थांबावे लागते आणि त्याची गती मंदावते. तथापि त्यामुळे सर्व्हर अदृश्य होत नाही. ४४३ क्रमांकाचे दार उघडे असेल, तर तो तेथे आहे हे जगाला दिसतेच.

बाहेरच्यांनी पाहावयाचे संकेतस्थळ आणि आतील हिशेब ही दोन्ही एकाच जाळ्यात ठेवू नयेत. संकेतस्थळाचा सर्व्हर बाह्य तट आणि आतील तट यांच्यामधील मोकळ्या पट्ट्यात ठेवावा. तो पडला तरी आतील दार बंद राहिले पाहिजे.

आतून बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरही नियम हवेत. याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डेटाबेस सर्व्हरला इंटरनेटवरील मनमानी पत्त्यांशी बोलण्याची गरज नसते. त्याला बाहेर बोलू दिले नाही, तर आत शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला आपल्या धन्याशी संपर्क साधणे कठीण जाते.

दोन फटी बऱ्याचदा नजरेतून सुटतात. पहिली आयपीच्या सहाव्या आवृत्तीची. चौथ्या आवृत्तीसाठी काटेकोर नियम लिहिलेले असतात आणि सहावीसाठी काहीच नसते. मग पुढच्या दाराला कुलूप आणि मागचे दार सताड उघडे, अशी गत होते. दुसरी फट डॉकर वापरणाऱ्यांची. डॉकरने बाहेर उघडलेली दारे लिनक्सच्या ‘यूएफडब्ल्यू’ या सोप्या फायरवॉलच्या नियमांना बगल देतात. नियमात दार बंद दिसते, प्रत्यक्षात ते उघडे असते. बाहेरून केलेला स्कॅनच ही फट दाखवतो.

नियम बदलतानाही सावधगिरी हवी. समजा, सर्व्हर नांदेडमध्ये आहे आणि प्रशासक लातूरहून एसएसएचने नियम बदलतो आहे. एक ओळ चुकली, तर त्याचा स्वतःचाच प्रवेश बंद होतो आणि रात्री तास-दोन तासांचा नव्हे, तर जाऊन-येऊन त्याहूनही मोठा प्रवास नशिबी येतो. त्यासाठी नवा नियम लागू केल्यावर काही मिनिटांत पुष्टी न मिळाल्यास जुने नियम आपोआप परत येतील, अशी योजना करून ठेवावी. लिनक्सवरील ‘आयपीटेबल्स-अप्लाय’ ही आज्ञा नेमके हेच करते.

भिंतीच्या आतले संकट

२७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे जगभर ठप्प केले. उरणजवळील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडे असलेल्या टर्मिनलचे कामही त्यात विस्कळित झाले. हा प्रोग्रॅम युक्रेनमधील हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीतून, म्हणजे विश्वासाच्या मार्गाने आत आला. नंतर तो आतल्या आत यंत्रांची दारे वाजवीत आणि चोरलेले पासवर्ड वापरीत पसरला. बाहेरची फायरवॉल कितीही भक्कम असती तरी या दुसऱ्या टप्प्यात ती निरुपयोगी होती, कारण ही वाहतूक तिच्यासमोरून गेलीच नाही.

कॉसमॉस बँकेच्या प्रकरणातही खरा घाव आतच बसला. ११ ऑगस्ट २०१८ रोजी बनावट कार्डे वापरून २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. एटीएमच्या विनंत्यांना मंजुरी देणाऱ्या बँकेच्या यंत्रणेला बगल देऊन खोट्या मंजुऱ्या दिल्या जात होत्या. १३ ऑगस्टला स्विफ्ट यंत्रणेतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधील खात्यात पाठवले गेले. या प्रकरणी पुण्यातील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले.

यातून निघणारा निष्कर्ष स्पष्ट आहे. आतील विभागांनाही एकमेकांपासून वेगळे ठेवावे. रोखपालाच्या संगणकाला व्यवस्थापकाच्या संगणकाची फाइल-सेवा दिसण्याची गरज नसते. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी आणि पाहुण्यांचे वाय-फाय यांना निराळे जाळे द्यावे. शिवाय कोणाचाच संबंध नसलेला एखादा आमिष संगणक आत ठेवता येतो. त्याच्या दाराशी कोणी आले, की ते चुकून आलेले नसते, हे ओळखावे.

नोंदी, वेळ आणि कायदा

घुसखोरीचा संशय येताच यंत्र बंद करण्याचा मोह होतो. तसे केल्यास स्मृतीतील पुरावा नष्ट होतो. जाळ्याची तार काढावी, यंत्र चालू ठेवावे आणि नोंदींची प्रत सुरक्षित करावी. हल्लेखोर शिरताच नोंदवही पुसतो. म्हणून नोंदी मुळातच दुसऱ्या यंत्रावर साठत राहिल्या पाहिजेत.

तपासासाठी केवळ आयपी पत्ता पुरत नाही. एक पत्ता अनेकांत वाटलेला असल्याने नेमका ग्राहक शोधण्यास पाठवणाऱ्याचा पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. कित्येक सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेत नोंद करतात. ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते. तक्रारीत कोणती वेळ दिली आहे हे न लिहिल्यास तपास भलत्याच माणसाच्या दारात पोहोचू शकतो.

देशात सायबर घटनांची दखल घेणारी सर्ट-इन ही यंत्रणा २००४ पासून कार्यरत आहे. तिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार विहित घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जतन करणे आणि घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवणे बंधनकारक आहे. विहित घटनांच्या यादीत पहिलाच प्रकार महत्त्वाच्या यंत्रणांची लक्ष्य ठरवून केलेली चाचपणी हा आहे. रोजच्या किरकोळ ठोठावण्याचा अहवाल त्यात अभिप्रेत नाही, परंतु पद्धतशीर टेहळणीकडे कानाडोळा करण्याची मुभाही नाही. सर्ट-इनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-४९४९ हा आहे. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवणे केवळ त्यामुळेच शक्य होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे तिचा अंकीय ठसा, नमूद करावा लागतो. नोंदींची प्रत काढतानाच हा ठसा लिहून ठेवणे हिताचे.

नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट घालून दिली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तरांची विस्तृत चौकट आली. जेवढी सेवा मोठी तेवढी जबाबदारी मोठी, हे त्यामागील सूत्र आहे. संचालक मंडळासही त्यात जबाबदार धरलेले असल्याने ‘ते संगणकवाले पाहतील’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

लहान संस्थेसाठी किमान शिस्त

ज्या संस्थेत संगणक विभाग म्हणजे एकच तरुण आणि एकच खोली असते, तिलाही पुढील गोष्टी विशेष खर्चाविना करता येतात.

• सर्व उघड्या दारांची एक लेखी यादी ठेवावी. प्रत्येक दारापुढे कारण आणि जबाबदार व्यक्ती यांची नोंद असावी.

• महिन्यातून एकदा बाहेरून स्वतःचा स्कॅन करून तो या यादीशी ताडावा. यादीत नसलेले दार दिसले, की त्याच दिवशी खुलासा मागावा.

• सुरक्षाविषयक दुरुस्त्या ठरलेल्या वारी बसवाव्यात. बाहेर दिसणाऱ्या सेवांच्या दुरुस्त्या मात्र वार न पाहता बसवाव्यात.

• राउटर, कॅमेरे आणि फायरवॉल यांचे मूळ पासवर्ड बदलावेत. फायरवॉलचे नियंत्रण-पान बाहेरून दिसू देऊ नये.

• सोडून गेलेला कर्मचारी आणि काम संपलेला पुरवठादार यांचे प्रवेश त्याच दिवशी रद्द करावेत. दुरुस्तीसाठी ‘तात्पुरते’ उघडलेले दार बंद केल्याची स्वाक्षरी घ्यावी.

• माहितीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक कार्यालयाबाहेर ठेवावी. ही प्रत जाळ्याला कायम जोडलेली नसावी. तिच्यातून माहिती परत येते किंवा नाही, हे तिमाहीत एकदा प्रत्यक्ष करून पाहावे.

• घटना घडल्यास कोणी कोणाला फोन करावयाचा, याचा कागद भिंतीवर लावावा. सर्व्हर बंद पडल्यावर सर्व्हरमधील फाइल उघडत नाही.

राज्यात १५ ऑगस्ट २०१६ पासून जिल्हा स्तरावर सायबर प्रयोगशाळा सुरू झाल्या. त्यामुळे तक्रारीसाठी मुंबई-पुण्याकडे धावण्याची गरज उरलेली नाही. नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्थेतून आणि दोन्ही जिल्ह्यांतील इतर महाविद्यालयांतून दरवर्षी संगणक शाखेचे पदवीधर बाहेर पडतात. यादी तपासणे आणि नोंदी वाचणे हे काम त्यांच्या आवाक्यातील आहे. गरज आहे ती हे काम नेमून देण्याची आणि त्यासाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवण्याची. दार वाजवणारे हात उद्याही येतील. त्यांना उघडे काय सापडते, हे मात्र संस्थेनेच ठरवावयाचे आहे.